बर्फावरच्या गाडीचा भाता

यामाहाची एकही नवी स्नोमोबाईल बाजारात आली नाही, असा पन्नासहून अधिक वर्षांतला पहिला हिवाळा म्हणजे २०२५-२६ चा. बातमी जुनीच आहे. २०२३ च्या जूनमध्ये कंपनीनं या धंद्यातून गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं होतं. जपानमधली विक्री त्याआधीच थांबली होती, मग युरोप, आणि २०२५ चं मॉडेल उत्तर अमेरिकेसाठी शेवटचं. यामाहाच्या अलीकडच्या गाड्या मिनेसोटातल्या थीफ रिव्हर फॉल्स गावी आर्क्टिक कॅटच्या कारखान्यात बनत. त्या आर्क्टिक कॅटलाही टेक्स्ट्रॉन या मालक कंपनीनं एप्रिल २०२५ मध्ये विकून टाकलं.

बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरला बसून बर्फावरच्या गाडीचं सुतक कशाला पाळायचं, असं कुणीही विचारेल. इथे गारपीट झाली तरच बर्फ दिसतो, आणि तेव्हा लोक पंचनाम्याला धावतात. पण आमच्या भागात यामाहा म्हणजे आरएक्स हंड्रेड. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, १९८५ ते १९९६. परळीकडून चढ चढून येणाऱ्या आरएक्सचा आवाज दोन वळणं आधी ऐकू यायचा आणि मागे निळा धूर रेंगाळायचा. अजूनही कुणाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली एखादी सापडते आणि मालक ती विकत नाही. आपल्याकडे टू-स्ट्रोकचा देव मानलेली ही कंपनी बर्फावर मात फोर-स्ट्रोकचा झेंडा घेऊन निघाली होती. २००३ च्या मोसमात तिनं आरवन मोटरसायकलच्या धर्तीवरचं ९९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन बर्फावर उतरवलं. गाडीचं नाव आरएक्स-वन. नावातही आरएक्स!

हे खूळ एकट्या यामाहाचं नव्हतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात स्नोमोबाईलींची इतकी गर्दी व्हायची की पश्चिम दरवाजावरच्या रखवालदारांना धुरापासून वाचायला मास्क द्यावे लागले. पुढे कमी धूर, कमी आवाज अशा अटी आल्या आणि त्या पुऱ्या करायला फोर-स्ट्रोक हाच सोपा मार्ग होता. आर्क्टिक कॅटनं सुझुकीचं तीन सिलिंडरचं ६६० सीसी इंजिन बसवलं. म्हणजे आपल्या मारुती आठशेच्या भाऊबंदांतलंच एक इंजिन बर्फावर घसरायला लागलं. धूर गेला, आवाज गेला. पण डोंगर चढणारे वैतागले, कारण गाडीचं वजन वाढलं आणि उंचावर दम लागायचा तो लागतच राहिला. त्यावर उपाय म्हणून टर्बो आला. माझा खरा रस इथे आहे.

टर्बो म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा नीट आमच्याकडच्या एका मिस्त्रीनं समजावलं. हंगामात ऊस वाहणाऱ्या गाड्यांचं काम त्याच्याकडे असतं. ट्रकचा उतरवलेला टर्बो त्यानं पोत्यावर ठेवला होता, नारळाएवढा, गोगलगाईच्या शंखासारखा. आतल्या चाकाला त्यानं करंगळीनं टिचकी मारली तर ते फिरतच राहिलं. मग तेच चाक दोन बोटांत धरून वर-खाली हलवून दाखवलं. किंचित हललं. “हा प्ले बघा. हवेचा पाईप फाटला व्हता, धूळ गेली आत. पात्याच्या कडा बघा कशा खाल्ल्यात.” कडा खरंच उंदरानं कुरतडल्यासारख्या होत्या. मी विचारलं, हे करतं काय नेमकं? तो म्हणाला, “भाता हाय ओ. लोहाराचा भाता बाई हलवती, ह्यो भाता इंजिनाच्या धुरावरच हलतोय. फुकटची बाई!”

इतकंच आहे. सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर वाटेत एका चाकावर सोडायचा. ते चाक फिरलं की त्याच दांड्यावरचं दुसरं चाक फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. फेरे मिनिटाला लाखाच्या वर जातात. तेलाच्या पातळ थरावर दांडा तरंगत असतो. तो थर गेला तर सगळं गेलं.

हा भाता आला कशासाठी? आपल्याकडे टर्बो म्हटलं की लोकांना वेग आठवतो, गाडीच्या मागच्या काचेवरची लाल अक्षरं आठवतात. त्याची कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची, पेटंट १९०५ चं. पण त्याची खरी परीक्षा झाली ती डोंगरावर. ही हकीकत जरा विस्तारानं सांगतो.

पहिल्या महायुद्धात विमानं उंच गेली की इंजिनं दम टाकायची. हवा विरळ, त्यामुळे सिलिंडरमध्ये पेट्रोल जाळायला प्राणवायू कमी. जनरल इलेक्ट्रिकमधले सॅनफर्ड मॉस हे वाफेच्या आणि वायूच्या टर्बाइनांमध्ये आयुष्य घालवलेले अभियंते. त्यांनी लिबर्टी या बारा सिलिंडरच्या विमान इंजिनाला टर्बो लावला. पण तो उंचावर चालतो की नाही, हे विमान न उडवता तपासायचं कसं? १९१८ मध्ये त्यांनी ते इंजिन ट्रकवर चढवलं आणि कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे १४,१०० फुटांच्या शिखरावर नेलं. खाली सपाटीवर ते इंजिन ३५० अश्वशक्ती द्यायचं. वर टर्बोशिवाय चालवलं तर २३० वर आलं. टर्बो जोडला आणि काटा ३५६ वर गेला. शिखरावर उभं राहून इंजिन सपाटीपेक्षा सहा अश्वशक्ती जास्त देत होतं! मॉस यांना १९४० ची कोलियर ट्रॉफी मिळाली, विमानविद्येतला अमेरिकेतला मोठा मान. वेगाचा या हकिगतीशी काही संबंध नाही. उंचावर अडलेला श्वास मोकळा करणं, एवढंच मॉस यांना हवं होतं.

हा हिशोब आपल्या रस्त्यांना लावून पाहा. आमच्या बालाघाटाच्या पठारावर समुद्रकाठापेक्षा हवा पाच-सहा टक्के विरळ, इंजिनाला ते जाणवतही नाही. गुलमर्गला, सुमारे २,६५० मीटरवर, हवा पाऊण उरते. तिथल्या गंडोला रोपवेनं अफरवातच्या बाजूला चार हजार मीटरच्या आसपास गेलात तर दोन तृतीयांश. खारदुंगला खिंडीत निम्म्याहून थोडी जास्त. लडाखला बुलेट घेऊन गेलेल्या पोरांना विचारा, पहिल्या गिअरमध्ये रडत चढणारी गाडी म्हणजे काय ते.

मग बर्फाच्या गाडीला टर्बो लावला की झालं? नाही. कागदावर सोपी वाटणारी गोष्ट बनवताना तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण उष्णतेची. हवा दाबली की तापते, आणि विरळ हवा तेवढ्याच दाबाला आणायची तर जास्त दाबावी लागते, म्हणून ती जास्त तापते. तापलेली हवा सिलिंडरमध्ये गेली की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच पेट्रोल आपोआप भडकतं, इंजिन ठोकायला लागतं, पिस्टनला भोक पडायलाही वेळ लागत नाही. म्हणून इंटरकूलर हवा, पिस्टनचा कॉम्प्रेशन रेशो कमी हवा, इंजेक्टर मोठे हवेत. शिवाय पेट्रोल न ठोकणारं हवं. म्हणून तिकडचे हौशी लोक भरपूर इथेनॉल मिसळलेलं इंधन शोधतात. इथेनॉल थंडावा देतं आणि ठोकण्याला दाद देत नाही. केज-अंबाजोगाईच्या उसाचा रस डिस्टिलरीत जाऊन जे होतं, तेच. आपल्याकडे वीस टक्के इथेनॉलवर मायलेज गेलं म्हणून बोंब आहे आणि तिकडचा टर्बोवाला त्याच द्रवाच्या शोधात हिंडतो. इथेनॉल चांगलं की वाईट, हे इंजिन कुठलं यावर ठरतं. पण टीव्हीवरच्या वादात इंजिनाचं नाव कुणी घेत नाही.

इंजिनाचं पाणी थंड करायची तऱ्हा मात्र सुरेख आहे. पुढे मोठा रेडिएटर सहसा नसतो. सीटखालच्या बोगद्याच्या छताला पाण्याच्या नळ्या असतात आणि खाली फिरणारा रबरी पट्टा बर्फ उडवून त्यांच्यावर मारत राहतो. बर्फ संपला, नुसती गोठलेली टणक वाट लागली की इंजिन तापतं. जी गाडी बर्फावर चालायची, तीच बर्फ नसल्यावर उकळते.

दुसरी अडचण बेल्टची. स्नोमोबाईलला गिअर नसतात. आपल्या अॅक्टिव्हात असतो तसाच रबरी पट्टा दोन पुलींवर फिरतो. फरक इतकाच की अॅक्टिव्हाचं इंजिन आठ अश्वशक्तीच्या घरात आणि यामाहाच्या साइडवाइंडरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन दोनशेच्या आसपास. महिंद्राची थार डिझेलमध्ये १३० देते. साइडवाइंडरची सगळी ताकद जाते एका रबरी पट्ट्यातून, तीही भाता अचानक भरतो त्या क्षणी. पट्टे तुटतात, आणि जंगलात तुटतात. म्हणून पुलीतली वजनं आणि स्प्रिंगा उंचीप्रमाणे बदलत बसावं लागतं.

तिसरी अडचण वजनाची. तिनंच फोर-स्ट्रोकचा डोंगरावर घात केला. छातीएवढ्या भुसभुशीत बर्फात गाडी चालत नाही, पोहते. डोंगरी टू-स्ट्रोक गाडी दोनशे किलोंच्या आसपास. टर्बोवाली फोर-स्ट्रोक तिच्यापेक्षा चांगली पन्नासेक किलोंनी जड, आणि ते वजन सगळं नाकाकडे. १६२ इंचांचा पट्टा लावला, त्याला अडीच-तीन इंचांचे दात दिले, तरी उतारावर आडवं जाताना नाक बर्फात घुसतं. मग दोघांनी अर्धा तास खणत बसायचं.

खरं तर टर्बोचं आणि फोर-स्ट्रोकचं गणित जमतं. व्हॉल्व्ह घट्ट मिटतात, कोंबलेली हवा आतच राहते. टू-स्ट्रोकमध्ये आत येणाऱ्या ताज्या हवेची बाहेरच्या भोकाकडे पळापळ चालू असते. ती अडवायचं काम फुगीर सायलेन्सरातल्या दाबाच्या लाटा करतात, आणि वाटेत टर्बो आला की त्या लाटांचा ताल बिघडतो. म्हणून कंपनीनंच टर्बो लावलेली टू-स्ट्रोक येणार नाही, असं जाणकार म्हणायचे. यामाहाच्या प्रतिस्पर्धी स्की-डूनं ती आणलीच, पाठोपाठ पोलारिसनंही. स्की-डूच्या गाडीची ताकद ८,००० फुटांपर्यंत कमी होत नाही, असा दावा आहे. हलकी गाडी आणि भाता, दोन्ही एकत्र. त्या दिवशी यामाहाचा डोंगरावरचा दावा संपला, असं माझं मत. गोठलेल्या तळ्यावर आणि सरळ वाटेवर फोर-स्ट्रोक टर्बोला तोड नव्हती. पण डोंगरावर वजनाचा हिशोब चुकवून चालत नाही.

हीच वजनाची अडचण आपल्या शेजारी, नगरलाही भेटते.  तिथे, म्हणजे अहिल्यानगरात, संरक्षण संशोधन खात्याची वाहन प्रयोगशाळा आहे, व्हीआरडीई. रणगाड्यांच्या आणि चिलखती गाड्यांच्या चाचण्यांसाठी ती ओळखली जाते. तिथल्या अभियंत्यांनी ‘तपस’ या बिनमाणसाच्या विमानासाठी १८० अश्वशक्तीचं टर्बो लावलेलं डिझेल इंजिन बनवलं. म्हणजे पाइक्स पीकवर मॉस यांनी सोडवलेलंच कोडं, फक्त दुप्पट उंचीसाठी. विमानाला ३०,००० फुटांवर २४ तास राहायचं होतं. चाचण्यांत ते २८,००० फूट आणि १८ तासांवर अडलं आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रकल्पाचा अग्रक्रम गेला. तिथेही विमानाचं वजन ठरल्यापेक्षा बरंच वाढलं होतं. पण विरळ हवेत चालणारं इंजिन घडवणारे हात आता नगरमध्ये आहेत. बर्फावरच्या खेळण्यांपेक्षा मला त्या इंजिनाचं अप्रूप जास्त वाटतं. आमच्या भागातली इंजिनिअरिंगची पोरं पुण्याच्या कंपन्यांचे उंबरे झिजवतात, त्यांनी हे दारही ठोठावून पाहावं.

गुलमर्गबद्दल दोन शब्द, कारण दर हिवाळ्यात आमच्याकडची दोन-चार कुटुंबं तरी टूरवाल्यांबरोबर जातात आणि स्नो स्कूटरचे रील टाकतात. मीही बसलो आहे. मागे काश्मिरी चालक, पुढे मी, ठरलेल्या वाटेवर ठरलेला फेरा. त्या फेऱ्याला टर्बोची काडीमात्र गरज नाही, आणि कुणी ‘टर्बोवाली’ म्हणून जादा भाव सांगितला तर देऊ नका. वाट सोडून उभ्या चढावर घालायचा आग्रह तर मुळीच करू नका. उभ्या उतारावर ताकदवान गाडी वर-वर घालण्याच्या खेळात अमेरिका-कॅनडात दरवर्षी माणसं हिमस्खलनात गाडली जातात.

आणि मिस्त्रीनं हे छापाच म्हणून सांगितलंय. तुमच्या डिझेल गाडीला टर्बो बहुतेक असतोच. परळीचा चढ चढून घाटनांदूरच्या चौकात आलात की लगेच किल्ली फिरवू नका. मिनिटभर गाडी तशीच चालू ठेवा, टर्बोला तेल मिळू द्या, मग बंद करा. त्याच्याकडे येणाऱ्या टर्बोंपैकी बरेच या एका मिनिटापायी येतात.