भाच्याला चेंडूच मिळत नाही

आज कोडिंग नाही, फुटबॉल.

गेल्या रविवारी सात वर्षांच्या भाच्याला घेऊन बिबवेवाडीतल्या एका मैदानावर गेलो होतो. क्लासवाल्यांनी बावीस पोरं मोठ्या मैदानावर सोडली, अकरा विरुद्ध अकरा. इंजिनिअरची सवय, मी मोजत बसलो. चाळीस मिनिटांत भाच्याच्या पायाला चेंडू लागला सहा वेळा. बाकी वेळ तो मातीत रेघोट्या ओढत होता. गाडीवर मागे बसून म्हणाला, "मामा, मला फुटबॉल जमतच नाही."

वाईट वाटलं. मग घरी येऊन वाचायला बसलो.

मँचेस्टर युनायटेडने काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांखालच्या मुलांना आठ विरुद्ध आठऐवजी चार विरुद्ध चार खेळवून पाहिलं. तिथल्या मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीने दोन्ही खेळांची मोजदाद केली. छोट्या सामन्यात पास 135 टक्के जास्त, गोलचे प्रयत्न 260 टक्के जास्त, समोरासमोर चकवाचकवी 225 टक्के जास्त. कारण साधं आहे. या वयात सगळी पोरं चेंडूमागे धावतात, गुळाला मुंगळे लागावेत तशी. गर्दी कमी केली की प्रत्येकाची पाळी येते. चुकायलाही संधी मिळते, आणि शिकणं तिथेच होतं.

दुसरी गोष्ट वॉर्मअपची. फिफाच्या 'इलेव्हन प्लस किड्स'मध्ये सात व्यायाम आहेत: एका पायावर तोल, उड्या, नीट पडायला शिकणं वगैरे. वेळ 15 ते 20 मिनिटं. चार युरोपीय देशांतल्या 7 ते 13 वयाच्या जवळपास 3,900 मुलांवर अभ्यास झाला, तो 2018 मध्ये आला. हे व्यायाम करणाऱ्या संघांत दुखापती 48 टक्के कमी! आपल्याकडे मात्र दोन राउंड मारले की झाला वॉर्मअप.

आठवतंय? 15 सप्टेंबर 2017 ला महाराष्ट्रात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा म्हणून मोहीम झाली होती. शाळाशाळांत चेंडू पोचले. आता तो प्रत्येक पोराच्या पायापर्यंत पोचायला हवा.

काल सोसायटीच्या पार्किंगमध्ये चपलांचे गोल मांडून तीन विरुद्ध तीन खेळवलं. भाच्याचे स्पर्श मोजता मोजता मीच थकलो. जेवायलाही वर येईना.

तुम्हीही मैदानावर गेलात तर एकाच पोराचे स्पर्श मोजा. कमी भरले तर कोचना प्रेमाने विचारा, "सर, बावीस जणांचे तीन छोटे सामने करता येतील का?" जागा तेवढीच लागते.

भेटू पुढच्या भागात.