कार्ब्युरेटर की इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण : एक मापनविषयक प्रश्न

जुनी मोटार जतन करू इच्छिणाऱ्यास तिचा मूळचा कार्ब्युरेटर कायम ठेवावा, की त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणाची, म्हणजे पेट्रोल दाबाखाली मोजून फवारण्याची, योजना करावी, हा प्रश्न पडतो. नव्या मोटारींपुरता तो केव्हाच निकालात निघाला आहे. तथापि तो कशामुळे निकालात निघाला याविषयी गैरसमज पुष्कळ आढळतात. अंतःक्षेपणाने तुषार बारीक होतात, त्यायोगे शक्ती वाढते आणि म्हणून ते श्रेष्ठ, असे सामान्यतः सांगण्यात येते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु मूळ भेद तुषारांचा नसून मापनाचा आहे.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. कमाल शक्तीसाठी हे प्रमाण १२.५ ते १३ च्या दरम्यान, तर काटकसरीसाठी १६ च्या आसपास असावे लागते. कार्ब्युरेटर हे प्रमाण केवळ द्रायुगतिकीच्या नियमाने सांभाळतो. वेंच्यूरीच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो, दाब घटतो, आणि त्या दाबभेदामुळे फ्लोटच्या कुंडीतील पेट्रोल तोटीवाटे ओढले जाते. हवेचा वस्तुमान-प्रवाह हा हवेची घनता व दाबभेद यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाशी सम प्रमाणात असतो. पेट्रोलचा प्रवाह पेट्रोलची घनता व तोच दाबभेद यांच्याशी तसाच निगडित असतो. एकास दुसऱ्याने भागताच दाबभेद नाहीसा होतो! एंजिन मंद चालो वा वेगाने, प्रमाण बहुतांशी स्थिर राहते. एकही विद्युत्-उपकरण न वापरता साधलेली ही युक्ती आजही कौतुकास पात्र आहे.

मात्र त्या भागाकारात हवेची घनता शिल्लक राहते. मुंबईत समुद्रसपाटीला बसवलेली मोटार सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरास नेली, तर प्रमाणित वातावरणाच्या हिशेबाने घनता सुमारे १२ टक्क्यांनी घटते आणि मिश्रण ७ टक्क्यांनी समृद्ध होते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे ही वाढ १९ टक्क्यांवर जाते. शिवाय एंजिन निष्क्रिय गतीने फिरत असता दाबभेद इतका अल्प असतो की मुख्य तोटी काम देत नाही. म्हणून वेगळा मार्ग, थंड एंजिनासाठी चोक, एकाएकी वेग वाढवण्यासाठी लहानसा पंप, अशी ठिगळे एकावर एक लावावी लागली. कार्ब्युरेटर आपल्या कार्याचा परिणाम कधीच पाहत नाही. त्याची खरी उणीव ती हीच.

१९६७ साली अमेरिकेकरिता बनवलेल्या फोक्सवॅगन १६०० मध्ये बॉशची डी-जेट्रॉनिक ही यंत्रणा आली. प्रवेश-नलिकेतील दाब मोजून फवारणीची तोटी किती काळ उघडी ठेवावी हे ती ठरवीत असे. तीही हिशेब करी, पण पडताळा पाहत नसे. पडताळा आला तो निष्कास-नळीत बसवलेल्या झिर्कोनियाच्या संवेदकाने. मिश्रण समृद्ध असता तो सुमारे ०.८ व्होल्ट आणि विरळ असता सुमारे ०.१ व्होल्ट दाब देतो, व त्यानुसार पुढील फवारा कमीअधिक होतो. कॅलिफोर्नियासाठीच्या व्होल्व्हो मोटारींत तो १९७७ च्या प्रतिमानापासून आला. आणि गंमत अशी की, त्या मोटारींत पेट्रोल सोडण्याचे काम मुख्यतः यांत्रिकच होते.

या संवेदकाची निकड त्रिमार्गी उत्प्रेरकामुळे निर्माण झाली. कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन यांचे ऑक्सिडीभवन आणि नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे क्षपण ही परस्परविरुद्ध कार्ये एकाच ठिकाणी घडावयाची, तर प्रमाण १४.७ च्या आगेमागे जेमतेम एक टक्क्याच्या आत राहावे लागते. केवळ महाबळेश्वरच्या चढानेच ७ टक्के ढळणाऱ्या साध्या कार्ब्युरेटरकडून ही अपेक्षा करणे व्यर्थ होय. भारतात १९९९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राजधानी क्षेत्रात उत्सर्जनाची मानके कडक झाली, तेव्हा मोटारींतून कार्ब्युरेटर झपाट्याने मागे पडला. दुचाकींची पाळी २०२० च्या भारत स्टेज ६ बरोबर आली.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर निघते. ज्या मोटारीस त्रिमार्गी उत्प्रेरक आहे, तिला संवेदकयुक्त अंतःक्षेपणाखेरीज गत्यंतर नाही. ज्या मोटारीस उत्प्रेरकच नाही, उदाहरणार्थ १९९५ पूर्वीची प्रीमियर पद्मिनी, तिच्या बाबतीत बदलाचा लाभ मर्यादित आणि खटाटोप मोठा असतो. कार्ब्युरेटरचा पंप सुमारे पाव बार दाब देतो, तर अंतःक्षेपणास सुमारे तीन बार लागतो. जुन्या रबरी नळ्या तशाच ठेवून असा दाब देणे म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय मिश्रण बिघडल्यास पेचकस व सरावलेला कान यांवर काम भागवणारा कारागीर नव्या यंत्रणेपुढे हतबल ठरतो.

एक बाब मात्र या निर्णयात नव्याने शिरली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास वजनाने सुमारे १३.५ पटच हवा लागते. संवेदक ही तफावत आपोआप भरून काढतो. जुना कार्ब्युरेटर मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी विरळ ठेवतो, आणि एंजिन अडखळते, तापते. (महाबळेश्वरास गेल्यावर मात्र हीच मोटार सुरळीत चालेल, कारण दोन्ही दोष एकमेकांस जवळजवळ छेदतात.) यावर उपाय सोपा आहे : मुख्य तोटीचा व्यास सुमारे ४ टक्क्यांनी वाढवावा, आणि इथेनॉलने फुगणारे रबरी भाग त्याच वेळी बदलून घ्यावेत.