कबड्डीतील सात जागा

गोंदिया जिल्हा हा धानाचा प्रदेश. कापणी होऊन बांध्या मोकळ्या झाल्या, की कामठ्यासारख्या गावांतील मुले जमिनीवर रेषा आखून कबड्डी खेळू लागतात. पाहणाऱ्यांची दृष्टी चढाई करणाऱ्यावरच खिळलेली असते. एका दमात तो प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, गडी टिपतो आणि परततो. टाळ्याही त्यालाच मिळतात. त्याला अडविणारे सात गडी कसे उभे असतात, याकडे फारसे कोणी पाहत नाही. खेळाचे खरे शास्त्र मात्र तेथेच आहे.

दोन्ही टोकांना कोपरारक्षक असतात. चढाई करणाऱ्याने कोणाला स्पर्श केला नाही, तर त्याला निदानरेषा ओलांडावीच लागते. तेव्हा त्याचा पाय आत येतो. कोपरारक्षक टपलेला असतो तो या पायाच्या घोट्यासाठी. परंतु एकट्याने घोटा धरणे धोक्याचे असते. दम न सोडता त्या गड्याचे बोट जरी मध्यरेषेला लागले, तरी त्याला धरणारे सारेच बाद! म्हणून कोपऱ्यालगतचा गडी कोपरारक्षकाचा हात धरून साखळी करतो आणि त्यापुढचा मध्यरक्षक धावून परतीची वाट अडवितो. मध्यरक्षकाला दणकट शरीर हवे. धडक देऊन चढाईच्या गड्याला रेषेबाहेर लोटणे हेही त्याचेच काम. कोपरारक्षकाने घाई केली आणि मध्यरक्षक पोहोचला नाही, तर गुण गेलाच.

अगदी मध्यभागी उभा असलेला सातवा गडी पुष्कळदा संघाचा उत्तम चढाईपटू असतो. पकडीच्या झटापटीत तो शक्यतो पडत नाही. तो बाद झाला, तर संघाचा हल्ला लंगडा होतो.

पूर्वीच्या ‘गनिमी’ प्रकारात बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच राही. हल्लीचा खेळ ‘संजीवनी’ पद्धतीचा आहे. प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला, की आपला एक आत येतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी परततो. त्यामुळे बाहेर बसलेल्या नामांकित चढाईपटूला मैदानात परत आणणारा कित्येकदा कोपऱ्यातला अबोल गडीच असतो.

अंगणात तीनच गडी उरले, तर सातांच्या जागा त्यांनाच सांभाळाव्या लागतात. बहुधा दोघे कोपरे धरतात व तिसरा मधल्या फळीत राहतो. अशा वेळी साधलेल्या पकडीला ‘अव्वल पकड’ म्हणतात. तिला एक गुण अधिक मिळतो.