एंडोस्कोपी नॉर्मल, तरी घास का अडतो?

एका पेशंटची कल्पना करा. घास छातीत अडतो, पाणीसुद्धा नीट उतरत नाही, रात्री झोपेत न पचलेलं अन्न तोंडात येतं. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षभर चालू आहेत, फरक शून्य. एंडोस्कोपीही नॉर्मल. मग दुखणं मनाचं म्हणायचं का?

तसं नाही. एंडोस्कोपीत दिसते ती मुख्यतः रचना; इथे बिघाड हालचालीत असू शकतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथली स्नायूंची झडप गिळताना सैल व्हायला हवी. अकॅलेशिया या आजारात तिला सैल करणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात आणि अन्ननलिकाही घास लाटेसारखा पुढे ढकलत नाही. अर्थात एंडोस्कोपी टाळायची नाही, कारण तिथला कॅन्सरही हुबेहूब अशीच लक्षणं देऊ शकतो.

हालचाल मोजते हाय-रिझोल्यूशन मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी जठरापर्यंत सोडतात; तिच्यावर साधारण दर सेंटीमीटरला दाबाचा सेन्सर असतो. पेशंट 5 मिलीलिटर पाण्याचे दहा घोट गिळतो. झडप सैल होत नसेल, तर नळीतल्या दाबावरून तीन प्रकार ठरतात: टाइप 1 मध्ये दाब जवळपास नाहीच, टाइप 2 मध्ये तो पूर्ण नळीत एकदम वाढतो, टाइप 3 मध्ये अवेळी पेटके येतात.

गेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, म्हणून उपचार एकच: झडप ढिली करणं. 1913 मध्ये अर्न्स्ट हेलर यांनी तिथला स्नायू बाहेरून कापला. तीच शस्त्रक्रिया आज लॅप्रोस्कोपीने होते. दुसरा मार्ग फुग्याने झडप ताणण्याचा. तिसरा ‘पोएम’: तोंडातून एंडोस्कोप घालून आतूनच स्नायू कापायचा. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तो 2008 मध्ये सुरू केला.

आता आपल्या कामाचा भाग. 2011 च्या युरोपियन ट्रायलमध्ये 201 पेशंट होते. दोन वर्षांनी यश फुग्याने 86 टक्के, शस्त्रक्रियेने 90. म्हणजे बरोबरीच, नाही का? पण 2013 मध्ये तोच डेटा प्रकारांनुसार मांडला, तेव्हा टाइप 2 मध्ये आकडे 100 आणि 93 निघाले, टाइप 3 मध्ये 40 आणि 86! सरासरीने हे झाकलं होतं. मात्र लगेच हुरळून जाऊ नका. टाइप 3 चे पेशंट मोजकेच होते, त्यामुळे तो फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही. असा आकडा उत्तर देत नाही, पुढच्या अभ्यासाचा प्रश्न देतो.

2019 मध्ये पोएम आणि लॅप्रोस्कोपिक शस्त्रक्रियेची तुलना झाली. दोन वर्षांनी यश 83 आणि 82 टक्के. पण ॲसिडमुळे अन्ननलिकेला सूज: 44 आणि 29 टक्के. ‘यश’ म्हणून फक्त गिळणं मोजलं असतं, तर ही किंमत दिसलीच नसती.

तेव्हा पुढचा पेपर वाचताना दोन गोष्टी आधी शोधा: नेमकं काय मोजलंय, आणि सरासरीत कोण हरवलंय?