शिबिराला कोण येते?

गेल्या वर्षी आमच्या संस्थेत कर्मचारी स्वास्थ्य उपक्रम सुरू झाला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी रक्तदाब, रक्तातील साखर आणि वजन यांची मोफत तपासणी, आठवड्यातून दोनदा योगासनांचा वर्ग, कॅन्टीनमध्ये वड्याच्या शेजारी मोड आलेली कडधान्ये आणि लिफ्टच्या दाराशी 'जिन्याने चला' असा फलक. वर्षअखेरीस अहवाल आला. उपक्रमात नियमित येणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा न येणाऱ्यांपेक्षा बऱ्याच कमी होत्या. समितीत सगळे खूश झाले. मग एका सदस्यांनी सुचवले, "आता हे सक्तीचेच करू या. जे येणार नाहीत त्यांच्या वैद्यकीय विम्यातला संस्थेचा वाटा कमी करावा."

मीही त्या समितीत आहे. मला ही सूचना पटली नाही, पण त्याआधी अहवालच पटला नव्हता. कारण शनिवारच्या रांगेतले चेहरे मी पाहिले होते. पहाटे टेकडी चढून येणारे माझे सहकारी त्या रांगेत सर्वांत पुढे असत. रात्रपाळीचा पहारेकरी सकाळी घरी झोपलेला असे. कार्यशाळेतला, दोन बस बदलून येणारा, मधुमेहाने बेजार झालेला मदतनीस तिथे कधी दिसला नाही. तेव्हा प्रश्न असा, की शिबिराला आल्यामुळे रजा कमी झाल्या, की ज्यांच्या रजा मुळातच कमी तेच शिबिराला आले?

शिक्षकांना हा प्रश्न नवा नाही. शाळेत ऐच्छिक जादा तास ठेवला, की त्याला बसणाऱ्या मुलांचे गुण इतरांपेक्षा जास्त असतात. त्यातले किती श्रेय तासाचे आणि किती मुलांच्या मूळच्या आवडीचे, हे गुणपत्रिकेवरून सांगता येत नाही.

कामाची जागा आणि आरोग्य यांचा संबंध शोधताना हा पेच फार लवकर पुढे आला. लंडनमध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास करून १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असतो, तर वाहक तिकिटे फाडत दिवसातून शेकडो पायऱ्या चढतो-उतरतो. (मुंबईत बेस्टच्या जुन्या दुमजली बसमधून प्रवास केलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.) दोघांची वस्ती आणि राहणी साधारण सारखीच. तरीही वाहकांना हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. शारीरिक हालचाल हृदयाला उपकारक असते, या आज सर्वमान्य असलेल्या विचाराच्या मुळाशी हा अभ्यास आहे.

पण मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. १९५६ मध्ये त्यांनी आणखी एक निबंध लिहिला, तो बस कामगारांच्या गणवेशांविषयी. कामगारांना दिलेल्या पँटच्या मापांची नोंद कंपनीकडे होती. ती चाळल्यावर दिसले, की चालकांच्या कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा होता, आणि नोकरीच्या सुरुवातीच्या वयोगटातही तो मोठाच होता. म्हणजे बसून काम केल्याने चालक जाड झाले एवढेच खरे नव्हते. मुळात जाड असलेली माणसे चालक होण्याकडे वळत होती. आपल्याच निष्कर्षाला अडचणीत आणणारा पुरावा स्वतः शोधून काढणे, याला मी खरा शास्त्रज्ञ म्हणतो. विज्ञानाच्या तासाला न्यूटनच्या सफरचंदाइतकीच ही पँटची गोष्टही सांगायला हवी.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे अनेकांचा वैद्यकीय विमा नोकरीतून मिळतो आणि त्याचा मोठा भार मालकावर असतो. कर्मचारी निरोगी राहिले तर आपला खर्च वाचेल, या हिशेबाने तिथे असे उपक्रम फोफावले. २०१० मध्ये कॅथरीन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. उपक्रमावर खर्च केलेल्या दर डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर आणि गैरहजेरीत सुमारे २.७३ डॉलर वाचतात, असा निष्कर्ष निघाला. दुप्पट-तिप्पट परतावा म्हटल्यावर कोण नाही म्हणेल! त्याच वर्षीच्या आरोग्यविषयक कायद्याने मालकांना आणखी मोकळीक दिली. आरोग्याचे ठरलेले उद्दिष्ट गाठणाऱ्याला विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत, आणि तंबाखूच्या बाबतीत ५० टक्क्यांपर्यंत बक्षीस किंवा दंड ठेवता येऊ लागला. वैद्यकीय कारणाने ज्याला ते जमत नाही त्याला पर्याय द्यावा लागतो, हे खरे. पण आमच्या समितीतली सूचना कोणत्या वाटेवरची होती, ते यावरून लक्षात यावे.

खरी परीक्षा इलिनॉय विद्यापीठात झाली. डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर आणि ज्युलियन रीफ या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये विद्यापीठाच्या १२,४५९ कर्मचाऱ्यांना निमंत्रण दिले. ४,८३४ जणांनी सुरुवातीची प्रश्नावली भरली. मग त्यांतून यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, दोन गट केले. ३,३०० जणांना उपक्रम खुला झाला. त्यात तपासणी होती, आरोग्याची प्रश्नावली होती, तणाव किंवा धूम्रपान यांवरचे वर्ग होते, त्यासाठी पगारी वेळ होता आणि बक्षीसही होते. उरलेले १,५३४ जण नियंत्रण गटात राहिले. चिठ्ठीला माणसाची तब्येत कळत नाही. त्यामुळे टेकडीवाले आणि रात्रपाळीवाले दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात विभागले जातात. चिठ्ठीची सारी ताकद या आंधळेपणात आहे.

उपक्रम खुला असलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांनी पहिल्या वर्षी तपासणी आणि प्रश्नावली पूर्ण केली, ४४ टक्क्यांनी केली नाही. संशोधकांनी ही एकच माहिती दोन रीतींनी मोजून पाहिली.

पहिली रीत आमच्या अहवालाची: आलेले विरुद्ध न आलेले. आलेले लोक विद्यापीठाच्या व्यायामशाळेत वर्षाला सरासरी ७.४ वेळा गेले, न आलेले ३.८ वेळा. आलेल्यांचा वैद्यकीय खर्च महिन्याला ५२५ डॉलर, न आलेल्यांचा ६५७. यावर कोणतीही समिती खूश होईल.

दुसरी रीत चिठ्ठीची: ज्यांना उपक्रम खुला होता ते सर्व, आले असोत वा नसोत, विरुद्ध ज्यांना खुला नव्हता ते सर्व. व्यायामशाळेच्या फेऱ्या ५.८ आणि ५.९. खर्च ५७६ डॉलर आणि ५६८ डॉलर. हे फरक योगायोगाने पडावेत इतके लहान. उपक्रमाचा परिणाम शोधूनही सापडला नाही.

वरचे आकडे एकमेकांशी कसे जुळतात, हे वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल. शंभर कर्मचारी धरा. ५६ जणांच्या प्रत्येकी ७.४ फेऱ्या म्हणजे ४१४.४, आणि ४४ जणांच्या प्रत्येकी ३.८ म्हणजे १६७.२. बेरीज ५८१.६, सरासरी ५.८. नियंत्रण गटाची सरासरी तर ५.९! म्हणजे उपक्रमाने व्यायाम करणारे नवे लोक तयार केले नव्हते. व्यायाम करणारे आणि न करणारे यांना त्याने फक्त दोन रांगांत उभे केले होते. उपक्रम सुरू होण्याआधीच्या नोंदींतही, पुढे सहभागी झालेल्यांचा वैद्यकीय खर्च इतरांपेक्षा कमी होता. शिवाय सर्वांत कमी पगाराच्या चौथ्या हिश्श्यातील लोक सहभागी होण्याची शक्यता कमी होती. आमच्या शनिवारच्या रांगेचे हे हुबेहूब चित्र.

एका विद्यापीठावरून सार्वत्रिक विधान करू नये, हे मान्य. पण २०१९ मध्ये दुसरा प्रयोग प्रसिद्ध झाला, तोही झिरुई साँग आणि त्याच कॅथरीन बेकर यांचा. बीजेज होलसेल क्लब या दुकानांच्या साखळीत १६० ठिकाणी मिळून सुमारे ३३ हजार कर्मचारी होते. त्यांतली २० ठिकाणे यदृच्छेने निवडून तिथे उपक्रम राबवला. दीड वर्षानंतर तिथले ६९.८ टक्के लोक म्हणाले, की आम्ही नियमित व्यायाम करतो. इतर ठिकाणी हे प्रमाण ६१.९ टक्के होते. मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन-उंचीचे गुणोत्तर, गैरहजेरी आणि वैद्यकीय खर्च यांत लक्षणीय फरक आढळला नाही. आपल्याच जुन्या निष्कर्षाची अशी कडक परीक्षा घेणाऱ्या बेकर यांना मी मॉरिस यांच्या पंक्तीला बसवतो.

मग व्यायाम निरुपयोगी का? अजिबात नाही. व्यायामाचा उपयोग हा एक प्रश्न आणि व्यायामाचा वर्ग उघडल्याने माणसे व्यायाम करू लागतात का, हा दुसरा. दीड-दोन वर्षे हा काळ हृदयविकारासारख्या रोगासाठी थोडा आहे, हेही लक्षात ठेवावे. आणि तपासणीचा काही लाभ दिसलाच. इलिनॉयमध्ये दोन वर्षांनंतर उपक्रमाच्या गटात नेहमीचा डॉक्टर असलेल्यांचे प्रमाण वाढले होते. व्यवस्थापनाला आपल्या आरोग्याची काळजी आहे, असेही तिथे अधिक जणांना वाटू लागले होते. पैसे वाचले नाहीत म्हणून या गोष्टींना किंमत नाही, असे मी म्हणणार नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. हे उपक्रम माणसाला बदलायला सांगतात, कामाला नाही. लंडनच्या व्हाइटहॉलमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळे कार्यालयात काम करणारे, सगळ्यांना तीच सरकारी आरोग्यसेवा. तरीही खालच्या श्रेणीतील लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीपेक्षा कितीतरी अधिक होते, आणि धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही हा फरक पुरता पुसला जात नव्हता. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात आपल्या कामावर आपले नियंत्रण किती, याचा हृदयविकाराशी संबंध दिसला. अर्थात इथे कोणी चिठ्ठ्या टाकून श्रेणी दिल्या नव्हत्या, तेव्हा पँटची गोष्ट इथेही विसरायची नाही.

समितीच्या पुढच्या बैठकीत मी हे सारे मांडले. विम्याचा वाटा कापण्याची सूचना मागे घेतली गेली. पुढचे वर्ष चिठ्ठ्या टाकून करावे, या माझ्या प्रस्तावावर मात्र वाद झाला. "तपासणी चांगली आहे असे तुम्हीच म्हणता, मग अर्ध्या लोकांना ती का नाकारायची?" हा आक्षेप रास्त होता. तोडगा आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षक बाईंनी काढला. नाकारायचे कोणालाच नाही, फक्त पाळी लावायची. विभागांच्या चिठ्ठ्या उचलायच्या. निम्म्या विभागांना उपक्रम जूनपासून, उरलेल्यांना डिसेंबरपासून. सगळ्यांना एकदम पुरतील इतक्या परिचारिका तरी कुठे आहेत! मधल्या सहा महिन्यांत तुलना आपोआप मिळेल.

दोन अटी मी घालून घेतल्या. मोजणी विभागाच्या हजेरीपटावरील प्रत्येकाची होईल, फक्त रांगेत आलेल्यांची नाही. आणि तपासणीची एक वेळ रात्रपाळी सुटताना, सकाळी सात वाजता, फाटकापाशी असेल.