सहा चौकटींतला मासा

आजऱ्याच्या रामतीर्थापाशी खडकांतून वाट काढीत पुढे गडहिंग्लजकडे जाणाऱ्या हिरण्यकेशीच्या आंबोलीतील उगमाशी, मंदिरालगतच्या कुंडात, 2020 साली संशोधकांनी एका चिमुकल्या माशाची नवी जाती नोंदविली, तिला नदीचेच नाव दिले, आणि दुसऱ्याच वर्षी शासनाने ती जागा जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. एखाद्या जीवाचे अस्तित्व एवढ्याशा पाण्यावर विसंबून असावे, याचे ज्यांना नवल वाटते त्यांनी ‘पोकेमॉन’ या जपानी खेळातील ‘फीबास’ माशाची हकीकत ऐकावी.

निरनिराळे काल्पनिक जीव पकडून त्यांचा संग्रह करावयाचा, हे या खेळाचे सूत्र. लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद असलेल्या सातोशी ताजिरी यांनी तो कल्पिला आणि 1996 च्या फेब्रुवारीत तो ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी विक्रीस आला. 2002 सालच्या त्याच्या आवृत्तीत एका लांबलचक नदीच्या शेकडो चौकटींपैकी अवघ्या 6 चौकटींत फीबास गळाला लागे. आणि त्या 6 कोणत्या, हे दूरच्या एका गावात त्या वेळी कोणता शब्दप्रयोग रूढ आहे त्यावर ठरे! ज्याला हे ठाऊक नसेल त्याने चौकटीमागून चौकट गळ टाकीत बसावे, याखेरीज गत्यंतर नव्हते. 1999 च्या आवृत्तीपासून आलेले वेगळ्या रंगाचे जीव तर 8192 भेटींत सरासरी एकदा दिसत. मात्र तितक्या भेटी पुऱ्या केल्या तरी एकही न दिसण्याची शक्यता शेकडा 37 उरतेच, हे गणित पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

ही दुर्मिळता कष्टाची असली तरी न्यायाची होती, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिच्यापुढे टोकियोचा मुलगा आणि आजऱ्याचा मुलगा सारखेच. दुसरी दुर्मिळता मात्र सोबत्यांची. दोन यंत्रे तारेने जोडून जीवांची देवघेव व्हावी, मुलांनी एकमेकांकडे जावे, या सद्हेतूने ‘कदाब्रा’सारखे काही जीव देवघेव झाल्यावरच पूर्णरूपास पोहोचतील अशी तजवीज ताजिरींनी केली होती; परंतु ज्या तालुक्याच्या गावी ते यंत्रच सहसा दृष्टीस पडत नसे, जेथे पुष्कळांची या जीवांशी ओळख दूरचित्रवाणीवरील मालिकेतून झाली, आणि ज्याला खेळ मिळाला त्याला तो बहुधा संगणकावर एकट्यानेच खेळावा लागला, तेथे तो सद्हेतू कुलूप होऊन बसला.

तिसरी दुर्मिळता मेहेरबानीची. शिगेकी मोरिमोतो यांनी पहिल्या खेळाच्या स्मृतीतील शेवटच्या मोकळ्या जागेत ‘म्यू’ हा 151 वा जीव गुपचूप दडविला. तो खेळात रीतसर कोठेच सापडत नसे, आणि जपानी मासिकाने तो वाटावयास काढला तेव्हा सुमारे 78,000 अर्जदारांपैकी 20 जणांनाच लाभला. अशा खिरापतीपर्यंत सह्याद्रीच्या कुशीतील पोराचा हात कधीच पोहोचणार नव्हता. पुढे 2003 मध्ये मूळ खेळातील एक दोष खेळाडूंत सर्वश्रुत झाला, आणि विशिष्ट क्रमाने पावले टाकून म्यूला कोणाच्याही परवानगीवाचून समोर आणता येऊ लागले. कोणी त्याला लबाडी म्हणतात. मला विचाराल, तर त्या 20 जणांच्या हक्काहून या मुलांचा हक्क तसूभरही कमी नाही.