गाडीचा काटा खरा की खोटा? किलोमीटरच्या दगडावर तपासा

कापडाचा व्यापारी मीटरपट्टीवर सरकारी शिक्का आहे की नाही ते पाहतो, किराणावाला वजनावरचा छाप पाहतो. टॅक्सीचे भाडेमीटरदेखील वैधमापन खात्याकडून तपासून सीलबंद केले जाते. परंतु ज्या गाडीने आपण वसुलीला जातो, माल आणतो आणि जिच्या किलोमीटरवर हजारो रुपये भाडे मोजून देतो, त्या गाडीच्या डायलवर असा कोणाचाही शिक्का नसतो. तेव्हा खातरजमा आपली आपणच करावी लागते. त्यासाठी एक सेकंदकाट्याचे घड्याळ आणि शेजारी बसायला एक जोडीदार एवढे पुरते.

प्रथम हे समजून घ्यावे की स्पीडोमीटर रस्ता पाहत नाही, तो फक्त चाकाचे फेरे मोजतो. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे या इंजिनिअरने १९०२ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात गिअरबॉक्सकडून येणारी केबल एक लोहचुंबक फिरवते, त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी वळते, आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग. जुन्या गाड्या याच तत्त्वावर चालल्या. नव्या गाड्यांत केबलऐवजी सेन्सर आला. पण मोजले जातात ते फेरेच. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे टायरच्या घेरावर अवलंबून आहे, आणि सारी गडबड तिथेच होते.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून १.६ मिलिमीटरवर आली की लहान गाडीच्या चाकाचा घेर सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. चाक तेवढेच जास्त फिरते आणि काटा वेग वाढवून सांगतो. उलट प्रकार जास्त धोक्याचा. १४५/८० आर १२ मापाच्या टायरची गाडी असेल आणि कोणी स्वस्तात मिळाले म्हणून रिमसकट १५५/८० आर १३ बसवले, तर चाक जवळजवळ पावणेआठ टक्के मोठे होते. काटा जिथे पूर्वी ८० ला खरे ८० सांगत होता, तिथे आता गाडी ८६ ने धावत असते आणि चालकाला पत्ताही नसतो. तेरा इंची रिमच हवी असेल तर १५५/६५ आर १३ घ्यावे. त्याचा घेर मूळ टायरपेक्षा एकच टक्का कमी आहे. टायरवाला ‘सब चलता है’ म्हणेल, त्याच्यावर जाऊ नये.

काटा थोडा जास्त दाखवत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. कारखानदार तो मुद्दाम तसा ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो की काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर एवढ्यापर्यंत चालेल. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ९२ वर असला तरी नियम मोडत नाही.

आता तपासणी. मालेगाव-धुळ्याच्या दरम्यान आहेत तसे सरळ, सपाट, कमी गर्दीचे टप्पे निवडावेत. निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच हवा भरून घ्यावी. काटा ८० वर स्थिर धरावा. राष्ट्रीय महामार्गावर पिवळ्या डोक्याचे, राज्य महामार्गावर हिरव्या डोक्याचे किलोमीटरचे दगड असतात. मधले २, ४, ६, ८ आकड्यांचे छोटे दगड दोनशे-दोनशे मीटरचे आहेत, ते मोजू नयेत. दगड खिडकीच्या एकाच ठरावीक खुणेशी येताच जोडीदाराने घड्याळ चालू करावे. हे काम चालकाने मुळीच करू नये. ३६०० ला एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी भागले की खरा वेग मिळतो: ४५ सेकंद म्हणजे ८०, ४८ म्हणजे ७५, ५० म्हणजे ७२. एकाच किलोमीटरवर भरवसा ठेवू नये, कारण रस्ता रुंद करताना एखादा दगड सरकलेला असतो आणि बोटाची अर्ध्या सेकंदाची दिरंगाईही एक टक्क्याचा फरक पाडते. पाच किलोमीटर घेऊन १८००० ला एकूण सेकंदांनी भागावे, आणि परत येताना पुन्हा मोजावे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो किलोमीटर मोजणारा आकडा, म्हणजे ओडोमीटर. काटा मुद्दाम पुढे ठेवतात तसा हा ठेवत नाहीत, म्हणून एकाच्या चुकीवरून दुसऱ्याची चूक काढता येत नाही. दोन्ही वेगळे तपासावे लागतात. काही वर्षांपूर्वी भिवंडीहून भाड्याने घेतलेल्या एका गाडीचे बिल मला नेहमीपेक्षा जड वाटले. पुढच्या फेरीत चालकासमक्ष दगड मोजले. वीस दगड झाले तेव्हा आकडा एकवीस किलोमीटर पुढे सरकला होता. टायर मूळ मापापेक्षा लहान बसवले होते, मालकाच्याही ते ध्यानात नव्हते. हजार किलोमीटरला पन्नास किलोमीटर जास्त, आणि दर १५ रुपये धरला तर ७५० रुपये! वाद न घालता तेवढी वजावट त्याने मान्य केली. ज्यांची गाडी स्वतःची आहे त्यांनीही ध्यानात ठेवावे, की असा आकडा डिझेलचा ॲव्हरेजही फुगवून दाखवतो.

मोबाइलमधले जीपीएस हा सोपा उपाय आहे. उपग्रहाच्या संदेशातील लहरींच्या बदलावरून ते वेग काढते, टायरशी त्याचा संबंध नाही. मात्र वेग वाढवताना-कमी करताना ते मागे पडते आणि बोगद्यात काम देत नाही. सरळ रस्त्यावर अर्धा मिनिट एकच वेग धरून मग पाहावे.

टेम्पो, पिकअप चालवणाऱ्यांनी जास्त खबरदारी घ्यावी. केंद्र सरकारने २०१८ साली मालवाहू गाड्यांसाठी चौपदरी महामार्गावर ताशी ८० ही कमाल मर्यादा ठरवली. फलकावर याहून कमी असेल तर तीच धरावी. रस्त्यावरचा कॅमेरा खरा वेग टिपतो, आपला काटा काय सांगत होता हे विचारत नाही. २०१९ च्या दुरुस्त कायद्यात हलक्या वाहनाला १००० ते २००० आणि मध्यम व अवजड वाहनाला २००० ते ४००० रुपये दंड आहे.

काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत असेल तर प्रथम टायरचे माप दरवाजाच्या चौकटीवरच्या किंवा गाडीच्या पुस्तकातील मापाशी ताडून पाहावे. माप बरोबर असूनही फरक राहिला तर केबलची गाडी मीटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे आणि सेन्सरची कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्यावी. टायर बदलले की दगडांची ही मोजणी पुन्हा करून तारखेसह गाडीच्या वहीत लिहून ठेवावी.